एक्स्पोजर आणि रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो अंडर (उजेड कमी पडलेला) आहे की ओव्हर (उजेड जास्त झालेला), हे स्क्रीनवर एक नजर टाकली की बहुतेकांना कळतं. पण भगवा झेंडा विटकरी का झाला किंवा सूर्यास्त पिवळा का आला, असं विचारणारे बरेच जण व्हाइट बॅलन्सला, म्हणजे दिव्याच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवणाऱ्या सेटिंगला, दोष देत येतात, आणि चूक पुष्कळदा एक्स्पोजरची निघते. कार्यशाळांत, फोनवर आणि मेलवर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पहिले दोन नीट वाचा, पुढची बरीच उत्तरं त्यांवरच उभी आहेत. बाकीचे आपापल्या गरजेप्रमाणे वाचा.

१. एक्स्पोजर म्हणजे उजेड कमी-जास्त करणं. त्याने रंग कसा काय बदलतो?

सेन्सरला रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला ते कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एक बारीक फिल्टर बसवलेला असतो. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेली ही मांडणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे : निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे.

पावसात तीन भांडी ठेवली आहेत असं समजा. एकात लाल उजेड साठतो, दुसऱ्यात हिरवा, तिसऱ्यात निळा. या तिघांतल्या पाण्याचं एकमेकांशी असलेलं प्रमाण म्हणजे रंग. एक्स्पोजर दुप्पट केलं, म्हणजे एक स्टॉप वाढवलं, की तिन्ही भांड्यांत दुप्पट पाणी येतं. प्रमाण तेच राहतं, त्यामुळे रंग तोच राहून फक्त उजळतो.

हे सगळं भांडी तुडुंब भरेपर्यंतच खरं. एक भांडं आधी भरलं की त्यात पडणारं पुढचं पाणी वाया जातं, उरलेली दोन मात्र भरतच राहतात. तिथे प्रमाण मोडतं आणि रंग बदलतो. एक भांडं म्हणजे एक चॅनेल, म्हणून याला आपण 'चॅनेल जळला' म्हणतो. उलट टोकाला, भांड्याच्या तळाशी चार थेंबच असतील तर मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही. तिथे रंगाचे ठिपके, म्हणजे नॉइज दिसतो. या दोन टोकांच्या मध्ये तिन्ही चॅनेल सांभाळणं हेच रंगासाठी एक्स्पोजर ठरवणं.

२. ओव्हर किंवा अंडर झालं की रंग नेमका कुठल्या बाजूला सरकतो?

आकडे घेऊन पाहू. जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोत, प्रत्येक चॅनेल ० ते २५५ असतो. एक झकास केशरी घ्या : लाल २५५, हिरवा १४०, निळा ०. लाल आधीच काठोकाठ आहे. आता उजेड एक स्टॉप वाढवला तर लाल २५५ वरच अडकतो, हिरवा सुमारे १९२ वर जातो, आणि केशरीचा आंब्याच्या रसासारखा पिवळा होतो. आणखी एक स्टॉप वाढवला की हिरवाही २५५ होतो. आता तो शुद्ध लिंबू-पिवळा आहे, केशरीचा मागमूस नाही.

आता उलट जाऊ. एक स्टॉप कमी केला की सुमारे १८८, १०१, ०. दोन स्टॉप कमी केले की १३७, ७२, ०. प्रमाण मोडलेलं नाही, तरी हा रंग कुणी केशरी म्हणणार नाही. तो तपकिरी आहे. तपकिरी म्हणजे मुळात काळवंडलेला केशरीच. इंद्रधनुष्यात तपकिरी पट्टा नसतो तो यामुळेच. तसाच काळवंडलेला पिवळा शेवाळी दिसतो. म्हणजे अंडरमध्ये कॅमेऱ्याने काही चूक केली नाही तरी आपला डोळा त्या रंगाला वेगळं नाव देतो.

प्रत्येक कॅमेरा वर स्वतःचा कॉन्ट्रास्ट चढवतो, त्यामुळे तुमच्याकडे हेच आकडे येणार नाहीत. दिशा मात्र हीच राहते. केशरी वर जाताना पिवळ्याकडे, आकाशाचा निळा वर जाताना फिकट मोरपंखीकडे, आणि शेवटी सगळेच पांढऱ्याकडे.

३. सूर्यास्त डोळ्यांना लालकेशरी दिसत होता, फोटोत पिवळाधमक का आला?

प्रश्न २ मधलंच उदाहरण, फक्त समुद्रावर. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरने अंधारलेली वाळू आणि माणसं पाहून एक्स्पोजर वाढवलं आणि आकाशातला लाल जळला. सूर्याच्या शेजारच्या आकाशावर स्पॉट मीटरिंग (फक्त त्या ठिकाणचा उजेड मोजणं) घ्या, किंवा कॉम्पेन्सेशन (एक्स्पोजर स्टॉपने कमी-जास्त करणारं +/− सेटिंग) −१ ते −२ वर न्या. फोनवर आकाशावर बोट टेकवून ब्राइटनेस खाली ओढा. सूर्याचं बिंब पांढरं राहील, ते राहू द्या. त्याच्याभोवतीचा केशरी वाचला की काम झालं.

४. शटर, अॅपर्चर आणि आयएसओ, यांतलं काय बदललं तर रंग बदलतो?

शटर म्हणजे उजेड किती वेळ आत येतो, अॅपर्चर म्हणजे तो येण्याचं भोक किती मोठं. दोन्हींनी सारखाच उजेड दिला तर शटर आणि अॅपर्चर रंगाच्या बाबतीत समान. अॅपर्चर एफ ८ ला शटर १/१२५ सेकंद आणि एफ ५.६ ला १/२५०, रंग एकच.

आयएसओ वेगळा. तो वाढवल्याने भांड्यात जास्त पाणी पडत नाही, थोडं पडलेलं पाणी मोठं करून दाखवलं जातं. म्हणून ६४०० ला रंगांचे बारीक भेद पुसट होतात, आणि नॉइज घालवणारं सॉफ्टवेअर उरलेलेही धुऊन नेतं.

शटरला दोन अपवाद आहेत. एक, लुकलुकणारे दिवे (प्रश्न १३). दुसरा, फ्लॅश. फ्लॅशचा उजेड हजारांश सेकंदात संपतो, त्यामुळे शटर फक्त आजूबाजूच्या उजेडावर चालतं. लग्नाच्या हॉलमध्ये पिवळे दिवे आणि फ्लॅश असताना १/२०० ला नवरा-नवरी फ्लॅशच्या पांढऱ्या उजेडात आणि मागचा हॉल काळा, तर १/३० ला मागचा हॉल उबदार पिवळा. चेहऱ्यावरचं मिश्रणही बदलतं. इथे शटर फिरवणं म्हणजे दोन रंगांचं प्रमाण फिरवणं.

५. जेजुरीचा भंडारा हळदीसारखा का दिसत नाही? कधी लिंबू, कधी राखेसारखा येतो.

या प्रश्नाशी माझं स्वतःचं नातं आहे. सोमवती अमावास्येला गडावर पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवसभर काढलेल्या फोटोंत हवेत उधळलेला भंडारा एकाही ठिकाणी हळदीचा नव्हता. सगळीकडे फिकट पिवळे ढग, त्यांत पोत नाही, कण नाहीत. कॅमेरा जेपेगवर होता, सुधारायला काही उरलं नव्हतं. त्या रात्री मी चॅनेल म्हणजे काय ते पहिल्यांदा शिकलो.

हळदीच्या रंगात लाल खूप, हिरवा त्याच्या खालोखाल, निळा जवळजवळ नाही. त्यातून उधळलेली पूड पाठीमागून उन्हात आली की उजेड तिच्या कणांतून पुढे फेकला जातो आणि ती शेजारच्या पांढऱ्या सदऱ्याहूनही तेजस्वी होते. मीटर मात्र दगडी पायऱ्या आणि काळे केस मोजून एक्स्पोजर वाढवत असतो. आधी लाल जळतो, मग हिरवा, आणि हळदीचं लिंबू होतं.

आता मी तिथे मॅन्युअलवर जातो, म्हणजे एक्स्पोजर स्वतः ठरवतो. पूड उधळण्याआधीच ऊन पडलेल्या पिवळ्या झालेल्या दगडावरून एक्स्पोजर घेतो, त्यातून दोन तृतीयांश स्टॉप कमी करतो, आणि रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, काढतो. उन्हाकडे तोंड करून काढायचं तर आणखी एक स्टॉप कमी. चेहरे थोडे काळवंडतात, ते नंतर उचलता येतात. पण दोन-तीन स्टॉप खाली गेलात तर सावलीतला भंडारा शेवाळी-राखाडी होतो, त्यामुळे भीतीपोटी फार खाली जाऊ नका.

६. हिस्टोग्राम व्यवस्थित होता, तरी फुलं सपाट डाग का झाली?

हिस्टोग्राम म्हणजे फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुठला उजेड किती आहे ते दाखवणारा आलेख. तुम्ही बहुधा एकरंगी, पांढरा हिस्टोग्राम पाहिलात. तो तिन्ही चॅनेल मिसळून काढलेला असतो आणि त्यात वजन सारखं नसतं. नेहमीच्या सूत्रात हिरव्याला सुमारे ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला फक्त ११. कास पठारावरचा तेरडा घ्या. त्याच्या गुलाबी-जांभळ्यात लाल आणि निळा भरपूर, हिरवा कमी. लाल पूर्ण जळला तरी एकत्रित आलेख मध्येच उभा राहतो आणि सगळं ठीक आहे असं सांगतो.

कॅमेऱ्याच्या मेनूत तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा. फुलं, गुलाल, पैठणीचे काठ, जास्वंद, काहीही गडद रंगाचं असेल तर फक्त तोच पाहा.

७. पांढरं धोतर राखाडी आणि काळी म्हैसही राखाडी, असं का?

मीटरला समोर काय आहे ते माहीत नसतं. जे दिसेल ते मध्यम राखाडी असावं असं तो धरतो. पांढऱ्यासाठी +१ किंवा थोडं जास्त, काळ्यासाठी −१. म्हशीला उजेड जास्त दिला की ती नुसती राखाडी होत नाही, तिच्या अंगावर आकाशाचा निळसरपणाही उघडा पडतो.

८. वारीत पांढरे कपडे आणि भगव्या पताका एकाच चौकटीत असतात. पांढऱ्यासाठी वाढवलं की भगवा जळतो. कुणाला वाचवायचं?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, कारण उत्तर अनेकांना खोटं वाटतं : साधारणपणे दोघंही वाचतात. एकाच उन्हात उभ्या असलेल्या पांढऱ्या कापडाइतका लाल उजेड भगवं कापड परतवूच शकत नाही. पांढरं कापड तिन्ही रंग जवळजवळ पूर्ण परतवतं, भगवं त्यातला लाल तेवढा ठेवतं. म्हणजे सेन्सरवर सदऱ्यातला लाल जळला नसेल, तर पताकेतलाही जळलेला नाही.

मग जळलेला दिसतो कशामुळे? कॅमेरा स्वतःचे रंग जेपेगच्या एसआरजीबी या मापात बसवतो तेव्हा गडद रंगांत एक चॅनेल आणखी वर ढकलला जातो. एसआरजीबी ही १९९६ साली मॉनिटरसाठी ठरवलेली तशी लहानच जागा आहे, उन्हातला भगवा तिच्या बाहेर पडतो. त्यावर 'व्हिव्हिड' हे रंग भडक करणारं सेटिंग लावलं असेल तर बघायलाच नको. रॉ फाइल उघडा, एक्स्पोजर आणि सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) थोडं खाली घ्या, पताकेच्या घड्या परत येतात.

दोन अपवाद लक्षात ठेवा. पताका उन्हात आणि वारकरी झाडाच्या सावलीत असतील तर उजेड एक नाही, त्यामुळे हा नियमही नाही. आणि चकाकत्या निऑन कापडांत असे रंग असतात जे निळा आणि अतिनील उजेड शोषून केशरी म्हणून बाहेर टाकतात. ते खरोखर पांढऱ्यालाही मागे टाकू शकतात.

९. रॉ काढतो, म्हणजे जळलेला रंग परत येणारच ना?

फक्त जेपेगमध्ये जळला असेल तर येतो (प्रश्न ८). सेन्सरवरच एक चॅनेल जळला असेल तर सॉफ्टवेअर उरलेल्या दोनांवरून अंदाज बांधतं. ढगांत तो अंदाज खपून जातो, कारण तिथे रंग जवळजवळ नसतोच. नाकाच्या शेंड्यावर, गुलालावर खपत नाही, तिथे करडा किंवा गुलाबी चट्टा येतो. तिन्ही जळले तर काहीच उरत नाही.

१०. 'अर्धा स्टॉप अंडर ठेव, रंग गडद येतात' असं जुने लोक सांगतात. खरं आहे का?

त्यांच्या फिल्मसाठी खरं होतं. स्लाइड फिल्ममध्ये उजेड कमी मिळाला की रंगद्रव्य जास्त दाट राहतं, आणि प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्यासमोर ते रत्नासारखं दिसतं. कोडॅकची कोडाक्रोम ही स्लाइड फिल्म १९३५ ला आली आणि २००९ ला बंद झाली, त्या काळात अनेकांनी ती मुद्दाम थोडी अंडर वापरली. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांची मुंबईही कोडाक्रोमवरच उतरली. स्लाइडला ओव्हर मुळीच सोसत नसे, त्यामुळे अंडर ही सावधगिरीही होती.

कलर निगेटिव्हचं याच्या अगदी उलट. ती एक स्टॉप ओव्हर आनंदाने सोसते, पण अंडर झाली की सावल्या मळकट होतात आणि त्यांत रंगाची झाक येते. आज पुन्हा फिल्म वापरणाऱ्या तरुणांनी स्लाइडचा सल्ला निगेटिव्हला लावू नये, महागाचा रोल वाया जातो.

डिजिटलमध्ये अंडर ठेवण्याने रंग वाचतो, वाढत नाही. गडद आणि काळपट यांत फरक आहे. गडदपणा हवा तर उजेड पुरेसा घ्या आणि नंतर खाली आणा.

११. सावल्या उचलल्या की जांभळट झाक का येते?

१४ बिटच्या रॉ फाइलमध्ये उजेड मोजायच्या १६,३८४ पायऱ्या असतात, पण त्या सारख्या वाटलेल्या नसतात. सगळ्यात वरच्या स्टॉपला ८,१९२ मिळतात, त्याखालच्याला ४,०९६, आणि वरून पाचव्याला फक्त ५१२. तळाशी गेल्यावर काळ्याची पातळी दोन-चार आकड्यांनी चुकली तरी ती चूक मूळ रंगाएवढीच मोठी होते. वर व्हाइट बॅलन्स लाल आणि निळ्याला गुणून वाढवतो, हिरव्याला सहसा नाही. लाल आणि निळा एकत्र वाढले की दिसतो तो जांभळट रंग. उपाय काढतानाच आहे : काही महत्त्वाचं जळत नसेल तर एक्स्पोजर शक्य तितकं वर ठेवा.

१२. चेहऱ्यासाठी किती एक्स्पोजर? सावळ्या चेहऱ्यावर गोंधळ होतो.

मीटर गोऱ्या चेहऱ्याला काळवंडवतो आणि सावळ्याला उगाच उजळवतो, कारण प्रश्न ७ मध्ये सांगितलं तेच. त्वचेत लाल चॅनेल सगळ्यात वर असतो, मग हिरवा, मग निळा. म्हणून ओव्हर झालेलं कपाळ आधी पिवळं पडतं आणि मग पांढरं.

लग्नाच्या फोटोंत नवरीला 'गोरी' दाखवायला एक स्टॉप वाढवण्याची पद्धत आहे. मी ती करत नाही आणि शिकवत नाही. सावळ्या त्वचेत तांबूस, मधाळ, निळसर अशा छटा असतात, आणि त्या गालावरच्या उजेडात दिसतात. तो उजेडच जळवला की चेहऱ्यावर एकच पीठ उरतं. हळदीच्या दिवशी तर दुहेरी नुकसान : त्वचा पिवळी पडते आणि हळद पांढरी.

हा पक्षपात जुना आहे. विसाव्या शतकात लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅकची 'शर्ली कार्ड' वापरत. त्यावर गोऱ्या स्त्रीचं चित्र असे, आणि तिची त्वचा बरोबर आली की रंग बरोबर असं मानलं जाई.

करायचं असं : राखाडी कार्ड चेहऱ्याजवळ धरून त्यावरून मोजा, किंवा तळहातावरून एक्स्पोजर घ्या. तळहात बहुतेकांचा मध्यम राखाडीपेक्षा सुमारे एक स्टॉप उजळ असतो, म्हणून +१. सावळी त्वचा अंडर मात्र करू नका. तिचा निळा चॅनेल आधीच तळाशी असतो, आणखी खाली गेला की उचलताना ठिपके येतात.

१३. दुकानात, वर्गात काढलेल्या सलग फोटोंत रंग दर वेळी वेगळा का? कधी आडवे पट्टेही येतात.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि त्या प्रत्येक लाटेत उजेडाबरोबर रंगही थोडा बदलतो. १/५०० ला तुम्हाला लाटेचा एक तुकडाच मिळतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पूर्ण लाट मिळते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, तिथे राहणाऱ्यांनी १/१२० किंवा १/६० वापरावं.

१४. समईच्या उजेडात फोटो पिवळा येतो. व्हाइट बॅलन्सने दुरुस्त केला तर निळे ठिपके येतात.

ज्योतीचा उजेड सुमारे १९०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), त्यात निळा नावालाच. एकूण एक्स्पोजर बरोबर असलं तरी निळं भांडं रिकामंच असतं. व्हाइट बॅलन्स ते दुपटी-तिपटीने वाढवून दाखवतो आणि नॉइजही तितकाच वाढतो. शटर लांबवून जास्त उजेड घ्या, ज्योत जळली तरी चालेल. आणि दुरुस्ती अर्ध्यावर थांबवा. देवघरातला पिवळेपणा पूर्ण घालवला तर समई लावली होती याचाच पुरावा राहत नाही.

१५. नाटकाच्या किंवा गाण्याच्या कार्यक्रमात निळ्या दिव्यात चेहरे प्लास्टिकचे होतात.

निळा एलईडी अगदी अरुंद पट्ट्याचा उजेड देतो. निळा चॅनेल जळतो, लाल आणि हिरवा जवळजवळ शून्य. मीटर हिरव्यावर जास्त विसंबतो, त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो आणखी वाढवतो. तीन रंगांचा हिस्टोग्राम पाहत एक ते दोन स्टॉप कमी करा. व्हाइट बॅलन्सने इथे काही होणार नाही, कारण जो लाल पडलाच नाही तो आणायचा कुठून? अशा वेळी मी दिवा बदलण्याची वाट पाहतो, किंवा फोटो कृष्णधवल करतो.

१६. पौर्णिमेच्या रात्री लांब एक्स्पोजर दिलं तर दिवस असल्यासारखा फोटो आला. कॅमेरा बिघडला का?

कॅमेरा खरं सांगतोय. चांदणं म्हणजे परावर्तित ऊनच, फक्त सुमारे चार लाखपट मंद. एफ २.८, आयएसओ १६०० आणि आठ-दहा सेकंद दिले की गवत हिरवं, आकाश निळं. आपल्याला ते रंग दिसत नाहीत, कारण इतक्या कमी उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास थांबतात. उरलेल्या पेशी लालला आंधळ्या आणि निळ्या-हिरव्याला तीक्ष्ण असतात. संध्याकाळी जास्वंद पानांच्या आधी काळी पडते ती यामुळेच. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं, म्हणून या परिणामाला त्याचं नाव आहे. फोटो रात्रीसारखा हवा असेल तर एक-दीड स्टॉप कमी करा आणि लाल छटा थोड्या उतरवा.

१७. धबधब्यासाठी एनडी फिल्टर लावला तर काळे खडक तपकिरी का आले?

एनडी म्हणजे लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काळपट काच. गडद एनडी दिसणारा उजेड अडवतो, पण अवरक्त किरण पुष्कळदा सोडून देतो. एक्स्पोजर दहा स्टॉपने लांबवलं की तेच किरण लाल चॅनेलमध्ये साठत जातात. अवरक्त अडवणारा एनडी घ्या. फिल्मवर याच कामात वेगळी अडचण येते : लांब एक्स्पोजरला तिचे तीन थर सारखे प्रतिसाद देत नाहीत आणि एका रंगाची झाक येते.

१८. पावसाळ्यात सह्याद्रीचा हिरवा फोनवर निऑनसारखा का येतो?

ढगाळ उजेडात फोन सावल्या उचलतो आणि वर सॅच्युरेशन चढवतो. नव्या भाताच्या हिरव्यात लालही बराच असतो, त्यामुळे थोडं ओव्हर झालं तरी तो पोपटी-पिवळा होतो. एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी करा. कॅमेऱ्यावर पोलरायझर, म्हणजे चमक अडवणारा फिल्टर, लावा. ओल्या पानांवरची पांढरी चमक गेली की मूळ हिरवा दिसतो. तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, त्याचा हिशोब शटरमध्ये धरा.

१९. काढताना स्क्रीनवर रंग छान दिसले, घरी लॅपटॉपवर मरगळलेले. खरं कुठलं?

तोच रंग जास्त तेजाने दाखवला की डोळ्याला अधिक रंगीत वाटतो. कॅमेऱ्याचा स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसवर असेल तर अंडर फोटोही झकास दिसतो. स्क्रीनचा ब्राइटनेस ऑटोवरून काढून मध्यावर कायम ठेवा आणि निर्णय स्क्रीनवर नाही, तीन रंगांच्या हिस्टोग्रामवर घ्या (प्रश्न ६). छापायचा असेल तर आधी एक छोटा प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात, खिडकीशी धरून पाहा.